तीन रविवार, ३०० रुपये आणि चीनची लोकशाही

चिपळुणातील एका वाचनालयाने भर पावसाळ्यात सलग तीन रविवारी घेतलेल्या ‘चिनी संस्कृती आणि लोकशाही’ या अभ्यासवर्गाला मी ३०० रुपये शुल्क भरून बसलो. चिनी संस्कृतीत लोकशाही रुजू शकते का, हा वर्गाचा प्रश्न. पैसे वाया गेले नाहीत. वर्गाची आखणी मात्र पटली नाही.

पहिला रविवार सर्वांत उजवा ठरला. राजापेक्षा प्रजा मोलाची, हे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसचे वचन वक्त्यांनी घाईने लोकशाहीच्या खात्यावर जमा केले नाही; प्रजेचे हित पाहणे आणि प्रजेच्या हाती मत देणे यांतील अंतर त्यांनी बारकाईने उलगडले. पुढे चीनमधील १९१२-१३ची संसदीय निवडणूक आली. मताधिकार मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या पुरुषांपुरताच होता, तरी ती जिंकणाऱ्या क्वोमिंतांग पक्षाचे नेते सुंग च्याओरन यांच्यावर मार्च १९१३ मध्ये शांघायच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईने ती संसदच मोडीत काढली, हे ऐकल्यावर लोकशाहीच्या अपयशाचे खापर कन्फ्यूशियसवर फोडणे मला अवघड वाटू लागले.

दुसऱ्या रविवारी सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू यांच्या ‘आशियाई मूल्यां’ना, म्हणजे पाश्चात्त्य लोकशाही आशियाच्या संस्कृतीला जशीच्या तशी लागू पडत नाही या मांडणीला, दीड तास मिळाला, दक्षिण कोरियाचे नेते किम दे-जुंग यांनी १९९४ मध्ये त्यांना दिलेल्या उत्तराला जेमतेम दहा मिनिटे. भारताची भूमी मुळात लोकशाहीविरोधी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले होते. अशा भूमीतही त्याच आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे कोकणातील जमीन-महसुलाची वतनी पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. मग लोकशाहीसाठी संस्कृतीची अट एकट्या चीनलाच का, असे मी विचारले. ‘विषयांतर होईल’, एवढेच उत्तर मिळाले. खोतांच्या मुलखात हे विषयांतर कसे, ते मला अजून उमगलेले नाही.

तिसऱ्या रविवारी वीज गेली आणि तैवान अखेरच्या वीस मिनिटांत उरकला गेला. वास्तविक तोच या प्रश्नाचा सर्वांत मोठा पुरावा: १९४९ ते १९८७ लष्करी कायदा, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक, २००० मध्ये मतपेटीतून सत्तांतर आणि हे सारे बहुतांशी चिनी वंशाच्या, पूर्वजपूजा न सोडलेल्या समाजात. तेथील उमेदवार प्रचारात समुद्रदेवी माझूच्या देवळात जातात; आपल्याकडे ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातल्याशिवाय अर्ज भरला जात नाही.

पुढील वर्ग तैवानपासून सुरू होणार असेल, तर मी पुन्हा शुल्क भरीन. टिपणांची छपाई स्वच्छ आहे. चिनी नावे मात्र तीन पानांत तीन प्रकारे लिहिली आहेत.