सेकिएनची भुतावळ: चार संच, एक पुस्तक

'जपानडेमोनियम इलस्ट्रेटेड' (डोव्हर, २०१६) हे जुन्या जपानी योकाई-चित्रांची (योकाई म्हणजे जपानी लोककथांतली भुतं आणि विचित्र प्राणी) आवड असणाऱ्यांनी सगळ्यात आधी घ्यावं असं पुस्तक. एडो (आजचं टोकियो) शहरातला चित्रकार तोरियामा सेकिएन (१७१२–१७८८) याने १७७६ ते १७८४ दरम्यान काढलेले चारही संच यात आहेत. इंग्रजी भाषांतर हिरोको योदा आणि मॅट ऑल्ट यांचं. नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानदाराकडे मागणी नोंदवावी किंवा ऑनलाइन मागवावं.

सेकिएनच्या आधीच्या काळातल्या लांबलचक चित्र-गुंडाळ्यांवर भुतांची मिरवणूक सलग चाललेली दिसते. ती त्याने मोडली. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीतून एकेक बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) बाजूला काढून त्याला नाव आणि स्वतंत्र पान द्यावं, तसं त्याचं काम आहे. म्हणूनच अगदी आडवळणाचे प्राणीही टिकले. पहिल्या संचातल्या अमिकिरीला खेकड्यासारखे चिमटे आणि चोच आहे, पण सेकिएन नावापलीकडे काहीच सांगत नाही. नुरारिह्योन या योकाईचंही तेच. त्याला योकाईंचा सरदार केलं ते विसाव्या शतकाने.

खरा खजिना १७८४ चा शेवटचा संच. भांड्याकुंड्यांचा सेनापती सेतो ताइशो, जुन्या फडक्याचा सळसळणारा शिरोउनेरी, आणि छत चाटणारा तेन्जोनामे. तेन्जोनामेच्या मजकुरात सेकिएन 'त्सुरेझुरेगुसा' या केन्को नावाच्या भिक्षूच्या जुन्या निबंधसंग्रहाचा धागा धरतो: उंच छताखाली हिवाळ्यात गारठा आणि दिवा मंद. ही सगळी याच योकाईची करणी, असं तो म्हणतो. मूळ परिच्छेदात केन्कोचा सल्ला आहे की घर बांधावं ते उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात मे महिना काढलेल्यांना तो लगेच पटेल. असे संदर्भ कळल्याशिवाय ही चित्रं अर्धीच दिसतात, त्यामुळे नुसत्या चित्रांच्या संग्रहापेक्षा भाषांतरासह असलेली ही आवृत्ती घ्यावी.

मूळ छापील प्रत घ्यायची असेल तर विक्रेत्याकडून छपाईचं वर्ष असलेल्या शेवटच्या पानाचा फोटो मागवा, कारण पहिला संच १८०५ मध्ये पुन्हा छापला गेला होता. चौकटीच्या रेघा तुटक असतील तर छपाईचे लाकडी ठसे झिजल्यावरची छपाई समजावी. करड्या छटा गायब असतील तरी किंमत कमी करून मागावी. या प्रतींत कागद एकाच बाजूने छापून दुमडलेला असतो आणि शिलाई उजवीकडे असते. बाहेरची घडी न कापलेली पानं समजून कुणी चिरली असेल तर आतली कोरी बाजू उघडी पडते. कसर याच घडीत शिरते, तेव्हा पान उजेडासमोर धरून भोकं तपासावीत.

नागपुरात अशी प्रत कूलरच्या झोतात ठेवू नये. कूलर चालू असताना ओल, बंद झाला की कोरडी धग, यात कागद फुगतो, आक्रसतो आणि शिलाईजवळ सुरकुततो. मऊ मुखपृष्ठाची पुस्तकं उभी न ठेवता आडवी ठेवावीत. वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालेल, पण कागदाला टेकू देऊ नये.

चित्रकला शिकणाऱ्यांना रेघ नीट अभ्यासायची असेल तर स्मिथसोनियन ग्रंथालयाचे मोफत स्कॅन उतरवून मॅट कागदावर छापून घ्यावेत. झेरॉक्सवाल्याला 'ग्रेस्केल' असं स्पष्ट सांगा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करड्या छटा एकतर उडतात, नाहीतर काळे ठिपके होऊन चेहऱ्यांवर बसतात.