ईशापूरची .३१५ : छाप बघायची की नळी?

जुनी रायफल विकायला निघाली की वऱ्हाडात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बीएसए हाय का ईशापूरची?" ईशापूरची म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं बोल्टसुद्धा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मागे ओढून बघत नाहीत. "मंग राहू द्या." पूर्वेकडच्या मालगुजारी वाड्यांत तर हा तोरा आणखी मुरलेला. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, एकमेकींना टेकलेल्या तीन रायफलींचं बीएसएचं (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या इंग्लिश कंपनीचं) चिन्ह दिसलं की भाव चढतो, मग नळी आतून गंजली असली तरी चालतं. म्हणून इथं ज्या रायफलीकडे बघून नाक मुरडलं जातं तिचीच समीक्षा आहे : पश्चिम बंगालमधल्या सरकारी रायफल फॅक्टरी ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग.

आधी वंशावळ, कारण भांडण तिथंच आहे. दोन्ही रायफलींचा सांगाडा एकच, जेम्स पॅरिस ली यांच्या बोल्टचा. ब्रिटिश फौजेची १९०७ची .३०३ रायफल, एसएमएलई (शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड) मार्क थ्री, याच सांगाड्यावर उभी आहे. लष्कराचं .३०३ काडतूस खासगी हातांत जाऊ नये हे ब्रिटिश सरकारचं धोरण होतं, म्हणून याच सांगाड्यावर दुसऱ्या काडतुसाची नळी बसवून ती शिकाऱ्यांना विकली गेली. ते काडतूस १८९०च्या दशकातलं ऑस्ट्रियन मानलिखर, ८ × ५० आर. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच, नाव तिथून आलं. थोडक्यात, बर्मिंगहॅमची बीएसए .३१५ जन्मापासूनच दुकानातली रायफल आहे, ती कुठल्या पलटणीची नव्हे. ईशापूरने मात्र जीआरआय (ब्रिटिश राजाच्या) शिक्क्याच्या आणि स्वातंत्र्यानंतर आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) शिक्क्याच्या .३०३ सैन्यासाठी बनवल्या, पोलिसांच्या खांद्यावरची .४१० मस्कट बनवली, १९६०च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या टू-ए आणि टू-ए-वन रायफली बनवल्या. (टू-ए-वन म्हणजे नळी बदललेली जुनी .३०३, हीसुद्धा हौशी मंडळींनीच पसरवलेली कथा. ती नव्याने, जास्त चांगल्या पोलादाची घडवलेली आहे.) ज्यांना लष्करी वारसा हवा त्यांनी कोणत्या छापाला नाक मुरडायचं हे एकदा ठरवून घ्यावं.

अस्सल .३०३चं तर नावच काढू नये. ती प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या शस्त्रांत) येते, तिचा परवाना केंद्रीय गृहखात्याकडून लागतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो मिळत नाही. .३१५ला ही अडचण नाही.

आता रायफल. मॅगझीनमध्ये पाच काडतुसं बसतात. बोल्टची चाल छोटी आणि गुळगुळीत असते, पण पुढे ढकलताना शेवटी जोर लागतो. नवखे याला बिघाड समजतात. ली रचनेत स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, तोच हा जोर. घोडा दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा ढिला सरकतो, दुसऱ्यावर अडतो आणि मग सुटतो. पहिला टप्पाच नसेल तर आत कुणीतरी कानस चालवली आहे असं समजावं आणि ती रायफल सोडून द्यावी. फिनिशमध्ये बीएसए उजवी आहे, यात वाद नाही. तिचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) खोल असतं, लाकडाचे कोपरे स्वच्छ असतात. ईशापूरच्या लाकडावर हत्याराच्या खुणा दिसतात. पण नेमाशी त्यांचा संबंध नाही.

काडतूस खडकीच्या कारखान्याचं, बुडावर केएफ शिक्का, मऊ टोकाची जड गोळी. उघड्या साईटवर शंभर मीटरच्या आतली ही रायफल आहे. चुकलेली गोळी मात्र किलोमीटरभराच्याही पुढे जाते, आणि आपल्याकडे वावराच्या पलीकडे दुसऱ्याचं वावर, त्यात जागलीला बसलेला माणूस असतो. माळ्यावरून खाली, मागे माती असेल तरच घोडा दाबावा. रानडूक असो की रोही, वनखात्याची लेखी परवानगी आधी, बाकी नंतर.

विकत घेताना छाप शेवटी बघा. मॅगझीन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट बाहेर काढा. मझलखाली (नळीच्या पुढच्या टोकाखाली) पांढरा कागद धरून चेंबरकडून नळीत बघा. खाचांच्या कडा धारदार आणि चकचकीत दिसल्या पाहिजेत. नुसता करडेपणा चालतो. खाचांच्या कोपऱ्यात काळे खड्डे दिसले तर नळी गेली. मझलच्या तोंडाशी खाचा पुसट आणि आतमध्ये ठसठशीत असतील तर लोखंडी सळई वर्षानुवर्षं पुढून घातली गेली आहे, अशी नळी गोळ्या विखरून टाकते. लीचा बोल्ट सहज निघत असताना सळई पुढून घालायचं काही कारणच नसतं.

मग नंबर. "मॅचिंग नंबर"चा हौशी लोकांचा हट्ट नोजकॅप आणि बॅकसाईटपर्यंत जातो तेव्हा तो निव्वळ मिरवण्याचा भाग असतो. बोल्टच्या बाबतीत मात्र ते बरोबर आहेत. लीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्याचे खांदे त्याच रिसीव्हरला घासून बसवलेले असतात. बोल्टच्या मुठीमागचा आणि रिसीव्हरवरचा नंबर वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतली फट) गेजने तपासल्याशिवाय ती चालवू नये. विकणाऱ्याकडे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केस असतील तर मागून घ्या. बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर चकचकीत कडं दिसलं तर केस ताणली जाते आहे. पुढच्या एखाद्या बारात ती तिथंच तुटते आणि गरम वायू मागे येतो. बीएसएची छाप हा वायू अडवत नाही.

लाकडाकडे लोक शेवटी बघतात, आणि नेम बिघडतो तो बहुतेक वेळा तिथंच. धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकावर येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो, लाकूड आकसतं, तिथं फट पडते आणि गोळी दर बाराला जागा बदलते. पुढचं लाकूड हाताने हलवून बघा, किंचितही सरकता कामा नये. आणखी एक. बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) ढिली वाटली म्हणून मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून थेट तिला आवळणारा बोल्ट फिरवू नका. लष्करी एसएमएलईत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच बटचा बोल्ट. क्रम चुकला की लाकूड उभं चिरतं. बाजारात चिरलेली, फेव्हिकॉलने जोडलेली जी लाकडं दिसतात, त्यातली बरीच अशीच गेलेली असतात.

लाकडाला तेल कोणतं, यावर तर फारच मिरवलं जातं. परदेशी बाटल्या मागवल्या जातात. ब्रिटिश फौजेत या बटांना कच्चं जवसाचं तेल लावत, आणि जवस आपल्याच रानात पिकतो. घाण्याचं तेल तळहाताने चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या, दोन-तीन दिवस सुकू द्या, मग दुसरा हात. एका वेळी थेंब-थेंबच. भिजवून ठेवलं की लाकूड चिकट राहतं आणि धूळ धरतं.

सफाईत चूक होते ती जुन्या काडतुसांमुळे. त्यांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या कॅपमधून नळीत मीठ उरतं, मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि तेलात ते विरघळत नाही. पावसाळ्यात रात्रीतून तांबूस थर येतो. म्हणून त्याच दिवशी बोल्ट काढून चेंबरकडून नरसाळ्याने लिटर-दीड लिटर उकळतं पाणी सोडा, लाकडात शिरू देऊ नका. मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) कोरडी चिंदी लावून ती स्वच्छ निघेपर्यंत ओढा, शेवटी हलक्या तेलाची चिंदी. पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी ते तेल पुसायचं. पेटीत चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर गावातला सुतार किंवा लोहार कितीही हुशार असो, त्याच्याकडे नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि नळी आखूड करायची तर कलम ६. "स्पोर्टर" दिसावी म्हणून नळी कापलेली रायफल कितीही देखणी वाटो, कागद नसतील तर हात लावू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा. त्या दोन जागांतली एक नावापायी गंजलेल्या नळीला देणं परवडत नाही.

आमचा हिशेब असा : चांगल्या नळीची ईशापूर पाचपैकी चार, एक गुण फिनिशचा कापला. चांगल्या नळीची बीएसए साडेचार, पण मागतात त्या भावात तीन. काळ्या खड्ड्यांची कुठलीही, शून्य. आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.