कमल बस्तीसारखं देऊळ आज बांधायचं तर छिन्नीनं की मशीननं?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजांच्या काळातली. छतातलं ते दगडी कमळ बघितलं की वाटतंच, हे आज जुन्याच पद्धतीनं जमेल काय?

जमतंय की. फ्रान्समध्ये गेदलों इथं १९९७ पासून १३व्या शतकातल्या पद्धतीनं किल्ला बांधायलेत, जवळच्याच खाणीतला दगड, घोडागाडी, वजन उचलायला माणसानं आत चालून फिरवायचं लाकडी चाक, आणि त्यात पाव शतक गेलं. म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, वेळेची आणि पगाराची आहे, पूर्वी राजे आणि दानपत्रातल्या जमिनी खर्च उचलायच्या, आज कोण उचलणार?

आता मशीनचं बघा. क्रेन, डायमंड ब्लेडचा कटर, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन, काम झपाट्यानं होतंय. पण घाईत सिमेंट आणि लोखंडी सळ्यापण घुसडतात, मला हेच खुपतं. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं, सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात ते वेगळंच. बेळगाव जिल्ह्यातल्या हलसी, देगावची कदंब राजांच्या काळातली देवळं बघा, सळी नाही, सिमेंट नाही, अजून उभी आहेत.

माझं मत, अख्खं देऊळ हातानं करायचा हट्ट नको. उचलायला क्रेन घ्या, मोठे काप मशीननं मारा, पण सांधे जुन्या पद्धतीचेच ठेवा आणि शेवटचा हात छिन्नीचा असू दे. एक खांब तरी मात्र पूर्ण जुन्या पद्धतीनं घडवाच, किती माणसं आणि किती दिवस लागतात ते त्याशिवाय कळत नाही, आणि नव्या पोरांना छिन्नी धरायला शिकवायला पण तोच कामाला येतोय.