घरपट्टीचे बिल समजावून देणारे रविवारचे मदत केंद्र

खानदेशातील आमच्या नगरपरिषदेच्या गावात, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी घरपट्टीचे बिल समजावून देणारे एक विनामूल्य केंद्र चालते. कर विभागातून निवृत्त झालेले दोन लिपिक, एक करसल्लागार आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले काही तरुण तेथे बसतात. आमच्या घराचे बिल घेऊन मी प्रथम गेलो आणि पुढे गल्लीतील वडीलधाऱ्यांना घेऊनही जात राहिलो. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

बिल हाती घेतल्यावर येथील मंडळी तळाच्या एकूण रकमेकडे वळतच नाहीत. मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा प्रकार, वापर आणि क्षेत्रफळ या चार नोंदी ते आधी वाचतात, कारण पुढचा सगळा हिशेब या नोंदींवरच उभा असतो. क्षेत्रफळाला दर चौरस मीटरच्या ठरलेल्या मासिक दराने आणि बारा महिन्यांनी गुणले की वार्षिक भाडेमूल्य निघते, आणि त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य उरते. उदाहरणादाखल ते ६० चौरस मीटरचे घर आणि १० रुपये मासिक दर धरतात: भाडेमूल्य ७,२०० रुपये, वजावट ७२० रुपये, करयोग्य मूल्य ६,४८० रुपये. कराची टक्केवारी लागते ती या शेवटच्या आकड्यावर. एवढे कागदावर मांडून झाले की ते पेन समोरच्याच्या हातात देतात आणि त्याच्या स्वतःच्या बिलाचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घेतात. त्यामुळे उठून जाणारा माणूस पुढच्या वर्षीचे बिल स्वतः वाचू शकतो, आणि या केंद्राचे सर्वांत मोठे मोल मला यातच वाटते.

बांधकामाच्या प्रकारावर ते विशेष वेळ देतात, आणि आपल्या भागात ते अत्यंत आवश्यक आहे. गावठाणात अजूनही मातीच्या भिंतींची, धाब्याची म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे आहेत. काहींच्या पुढच्या भागावर स्लॅब टाकला गेला आहे आणि मागचा भाग जुनाच आहे. आरसीसी (सळ्या आणि काँक्रीटचे), विटांचे लोडबेअरिंग (छताचा भार भिंतींवर असलेले) आणि माती-धाब्याचे बांधकाम यांचे दर वेगवेगळे असतात; म्हणून पूर्ण घर आरसीसी म्हणून नोंदले गेले असेल तर मागच्या खोल्यांचाही कर चढ्या दराने लागतो. अशी शंका आली की केंद्रातील तरुण टेप घेऊन घरी येतात, घरच्यांसमोर मोजमाप करतात आणि हाताने नकाशा काढून देतात.

बिलात अनेक रकाने असले तरी सगळा पैसा नगरपरिषदेकडे राहत नाही, हे मला येथेच नीट समजले. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे १९६२ च्या राज्य कायद्याचे कर आहेत. नगरपरिषद ते शासनासाठी वसूल करते. त्यांपैकी रोजगार हमी कर केवळ अनिवासी वापराच्या मालमत्तांवर असतो, म्हणून राहत्या घराच्या बिलात तो दिसला की वापराची नोंद तपासावी, असे ते आवर्जून सांगतात. आमच्या गल्लीतील एका मावशींच्या पुढच्या खोलीत पूर्वी किराणा दुकान होते. दुकान बंद होऊन ती खोली राहण्यासाठी वापरात आली, तरी नोंद अनिवासीच राहिली होती. केंद्राने त्यांना वापरबदलाचा अर्ज लिहून दिला, सोबत जोडायचे कागद सांगितले आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, असे बजावले.

थकबाकीबाबत त्यांचे बोलणे स्पष्ट असते. थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो; १,६२० रुपये थकले तर महिन्याला ३२ रुपये ४० पैसे आणि वर्षाला ३८८ रुपये ८० पैसे. हे आकडे ऐकल्यावर 'मार्चअखेर बघू' म्हणणारी माणसे गंभीर होतात. अनधिकृत बांधकामाची शास्ती हा वेगळा रकाना असून, ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही ते समजावतात. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे तर जवळजवळ प्रत्येकाला सांगावे लागते.

येथे कोणालाही सूट मिळवून देण्याचे आश्वासन दिले जात नाही, आणि आकारणी बरोबर असेल तर तसे तोंडावर सांगितले जाते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण बिल कमी करून देतो म्हणून पैसे घेणारे मध्यस्थ कचेरीच्या आवारात भेटतातच. संभाषण बहुतेक अहिराणीत होते. 'हाई पट्टी कसानी शे?' असे विचारणाऱ्या आजींना त्याच बोलीत उत्तर मिळते, आणि त्या पुढचा प्रश्न न संकोचता विचारतात. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींसाठी असलेल्या करमाफीच्या योजनेची माहितीही येथे आपणहून दिली जाते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. छापील माहितीपत्रक अजून नाही, त्यामुळे तोंडी ऐकलेले घरी गेल्यावर विसरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी इतकी वाढते की दूरच्या वस्तीतून आलेल्यांना परत जावे लागते. नंबराची चिठ्ठी सुरू केली तर हे टळेल. हरकत अर्ज लिहिण्यात ही मंडळी तरबेज असली, तरी सुनावणीत काय बोलावे याची तयारी अपुरी पडते. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीच्या वेळी नोटिशीत दिलेल्या मुदतीतच हरकत घ्यावी लागते, म्हणून ही तयारी आधीपासून करवून घ्यायला हवी. आसपासच्या खेड्यांतून नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-आकारणी नोंदीचा उतारा घेऊन लोक येतात. ग्रामपंचायतीची आकारणी वेगळ्या नियमांनी, भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर होते, आणि त्यासाठी जाणकार माणूस येथे अद्याप नाही. तो मिळावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जाताना चालू बिल, मागील वर्षाची पावती, बांधकाम परवानगी असल्यास तिची प्रत आणि घराची अंदाजे मापे सोबत न्यावीत. शक्य असल्यास नवे बिल हाती पडताच जावे. तेव्हा खोली मोकळी असते आणि एका बिलासाठी ही मंडळी तासभरही बसतात.