लोणारची ‘उल्का’ मला १८,००० रुपयांना पडली

शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हिशेबात कोणी फसवणार नाही असा माज होता. तो उतरला म्हणून लिहितोय.

गेल्या दिवाळीत पाहुण्यांना लोणार दाखवायला नेलं. विवराच्या काठावर एकाने रुमालात गुंडाळलेला काळा दगड काढला. मुठीपेक्षा मोठा, चांगला जड. लोहचुंबक लावला तर खटकन चिकटला. मग म्हणाला, “सर, २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते का?”

तिथेच मी फसलो. कारण त्या संध्याकाळी मेहकरला गच्चीवर उभं राहून मी स्वतः आकाशातून सरकत जाणारे ते जळते गोळे पाहिले होते. हा त्यातलाच तुकडा, असं त्याचं म्हणणं. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्रही होतं: ‘अस्सल लघुग्रह उल्का’. पंचवीस हजारांवरून अठरावर आला, तेव्हा आपणच त्याला गुंडाळलं असं वाटलं!

जालन्याला स्टील कारखान्यात असलेला माझा मेहुणा पंधरा दिवसांनी घरी आला. दगड हातात घेतला आणि हसतच सुटला. “दाजी, हा आमच्या भट्टीतला स्लॅग आहे, धातू वितळवताना उरणारा मळ. हवा तर ट्रॉली भरून पाठवतो.” हातोड्याने फोडला, तर आत जाळीदार पावासारखी भोकंच भोकं. आकाशातून आलेल्या दगडात अशी भोकं जवळजवळ नसतातच. त्याच्यावर जळाल्याची पातळ काळी साल असते, कधी अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात, आणि फोडला तर बहुधा आत फिकट रंगात लोखंड-निकेलचे कण चमकतात. चुंबकाचं म्हणाल, तर स्लॅगमध्येही लोखंड राहतंच, आणि लोणारच्या साध्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिज असतं.

पण खरी चपराक त्या प्रमाणपत्रानेच मारली. ‘लघुग्रह उल्का’ असं काही नसतंच. लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात, बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात. मीटरभराहून लहान तुकडा अवकाशात भटकत असला तर तो मिटिऑरॉइड. तो वातावरणात शिरून पेटला की दिसणारी प्रकाशाची रेघ, ती उल्का. आणि जळून उरलेला जो दगड जमिनीवर पोचतो, तो अशनी. म्हणजे उल्का हातात धरताच येत नाही. वीज चमकते तशी ती चमकून जाते. मी वीज पिशवीत घालून घरी आणली होती.

आणि २ एप्रिलला जे पाहिलं, ती उल्कासुद्धा नव्हती. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली. ते रॉकेटचे अवशेष होते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेकदा क्षणात विझते. ते गोळे तर मी बायकोला हाक मारून वर बोलावेपर्यंत दिसत होते. एवढं साधं गणित मला सुचलं नाही.

लोणारचं विवर मात्र आघातानेच झालेलं आहे. ते १९७३ मध्ये तिथल्या खडकांतल्या मॅस्केलिनाइटवरून, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने खनिजाची झालेल्या काचेवरून, दाखवलं गेलं. पण आदळलेल्या दगडाची त्या धक्क्यात वाफ होऊन गेली. त्यामुळे काठावर कोणी ‘इथलाच तुकडा’ म्हणाला, की पाकीट आत ठेवा. खरा अशनी सापडलाच तर तो कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायचा असतो, रुमालातून विकायचा नसतो.

पोलिसांत गेलो. पावती नाही, पैसे रोखीने दिलेले, नाव माहीत नाही. हवालदारांनी दगड उलटसुलट करून पाहिला आणि चहा पाजला.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. परवा त्याच्या स्टेटसवर नवा दगड होता, या वेळी मंगळाचा.