नोकिया ३३१० मधले चार गेम: एका अंगठ्याचा हिशेब

नोकिया ३३१० हा फोन २००० साली आला तेव्हा त्यात चार गेम होते: स्नेक २, स्पेस इम्पॅक्ट, बान्तुमी आणि पेअर्स २. नवा गेम टाकायची सोय नव्हती, त्यामुळे आहे त्या चारांवरच भागवायचं. निकाल आधीच सांगून टाकतो. स्नेक २ आजही पहिल्या नंबरचा आहे. बान्तुमी चौघांत सगळ्यात खोल, पण फार कमी लोकांनी तो नीट खेळला. स्पेस इम्पॅक्ट मेहनतीने बनवलेला आहे, पण शेवटी तो पाठांतरावर येतो. पेअर्स २ चार-पाच डावांत संपतो. हे चार गेम बघण्यासारखे आहेत ते त्यांच्या ठेवणीसाठी. पुढची जवळपास दहा वर्षं मोबाइल गेमनी जे रिवाज पाळले, त्यातले बरेचसे या चार गेममध्ये सापडतात, आणि प्रत्येक रिवाजामागे फोनची एखादी अडचण आहे.

पहिली अडचण स्क्रीनची. आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके, म्हणजे एकूण ४,०३२. प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर कोरा, मधली छटा नाही. अख्खं चित्र ५०४ बाइटमध्ये मावतं. एका पूर्ण भरलेल्या इंग्रजी एसएमएसला १४० बाइट लागतात, म्हणजे हे चित्र चार एसएमएसपेक्षाही लहान. शिवाय ठिपके चौरस नाहीत, किंचित उभट आहेत. म्हणूनच कॉम्प्युटरवर चौरस ठिपक्यांत काढलेला ३३१० चा स्क्रीन नेहमी चेपल्यासारखा दिसतो.

एवढ्याशा जागेत स्नेक २ ने काय काय बसवलंय ते डोळे जवळ नेऊन बघावं. खाऊ समोर आला की साप तोंड उघडतो. गिळला की अंगात फुगवटा येतो आणि साप पुढे जाईल तसा तो शेपटीकडे सरकतो. हे नुसतं सजावटीसाठी नाही. आवाज बंद असतानाही खाऊ लागला की हुकला हे खेळणाऱ्याला कळतं, आणि वर्गात, कचेरीत किंवा लोकलमध्ये फोनचा आवाज बंदच असायचा. वरच्या पट्टीत डावीकडे स्कोअर असतो, तोही पुढे शून्यं लावून, ०००७ असा. सात काय किंवा सातशे काय, आकडा तेवढीच जागा घेतो, शेजारचं काही हलवावं लागत नाही. अधूनमधून एखादा किडा किंवा प्राणी उगवतो तेव्हा त्याच पट्टीत उजवीकडे त्याचं चित्र आणि उलटी मोजणी दिसते. एका नजरेत सगळा हिशेब.

दुसरी अडचण कीपॅडची, आणि खरी हुशारी इथेच आहे. फोन एका हातात धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खेळायचं. २ वर, ८ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. कीपॅडची बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. स्वस्त जाळीत दोन-तीन बटणं एकदम दाबली तर फोनला कुठली दाबली ते नीट ओळखता येत नाही. त्यामुळे बटण दाबून धरायला लावणारा किंवा दोन बटणं एकत्र मागणारा गेम तिथेच फसतो. साप आपला आपण चालतो. खेळणाऱ्याने फक्त वळण सांगायचं, एका वेळी एकच. फोनच्या अंगाला इतका बेतून शिवलेला दुसरा गेम सांगणं कठीण आहे.

मूळ स्नेक १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये आला, तानेली आर्मान्तो यांनी लिहिलेला. त्यात भिंतीला टेकलं की खेळ खल्लास. मात्र आदळायच्या ऐन क्षणी वळायला निसटता अवधी मिळावा म्हणून आर्मान्तो यांनी अगदी थोडा उशीर मुद्दाम ठेवला होता. ६११० मध्ये इन्फ्रारेडवरून दोघांना समोरासमोर खेळता यायचं. ३३१० मध्ये इन्फ्रारेड नाही, त्यामुळे ती मजा गेली. बदल्यात स्नेक २ ने भिंत मोकळी केली. साप उजव्या कडेतून बाहेर पडला की डावीकडून आत येतो. नवख्याला यामुळे गेम सोपा वाटतो, पण इथेच एक नवा धोका आहे. कडेतून पलीकडे जाताना डोकं कुठे उगवणार ते आधी बघून ठेवावं लागतं, आणि साप लांब झाला की नेमक्या त्याच जागी आपलीच शेपूट असते.

लेव्हल एक ते नऊ, आणि लेव्हल म्हणजे फक्त वेग. पण साध्या खाऊचे गुण लेव्हलइतकेच मिळतात, म्हणजे पहिल्या लेव्हलला एकेक आणि नवव्याला नऊ-नऊ. हळू खेळून साप कितीही लांब केला तरी स्कोअर फुगत नाही. हा नियम न कळल्यामुळे पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या लेव्हलवर अर्धा तास घालवतात आणि स्कोअर का वाढत नाही म्हणून वैतागतात. आमच्या मते मोठ्या स्कोअरसाठी सातवी लेव्हल सगळ्यात फायद्याची. नवव्यावर एक चूक सावरायलाही वेळ मिळत नाही.

खेळायची रीत शेतात नांगर फिरवावा तशी. उभ्या रांगा घ्यायच्या, एक वर एक खाली, आणि परतीसाठी एक आडवी पट्टी कायम रिकामी ठेवायची. उलट फिरायचं असेल तर दोन वळणांमध्ये सापाने एक पाऊल टाकायलाच हवं. ४ आणि ८ इतक्या घाईने दाबले की मधलं पाऊल पडलंच नाही, तर दुसरं वळण वाया जातं किंवा एक घर उशिरा होतं. वेगवान लेव्हलवर साप मरतो तो बहुतेक वेळा यामुळेच. लेव्हलशिवाय भिंतींचे चक्रव्यूहही निवडता येतात. त्यातल्या बॉक्सला चारही बाजूंनी भिंत असते, म्हणजे तो जवळजवळ जुना स्नेकच. टनेल, मिल, रेल्स आणि अपार्टमेंट यांत सगळ्यात सुरेख मांडणी मिलची. अपार्टमेंटच्या खोल्या अरुंद आहेत, साप लांब झाल्यावर तिथे कौशल्यापेक्षा नशीब जास्त चालतं.

मेन्यूतल्या दोन गोष्टी फार कमी लोकांच्या लक्षात आल्या असतील. कंटिन्यू आणि लास्ट व्ह्यू. फोन वाजला की गेम आपोआप थांबतो आणि बोलणं संपल्यावर कंटिन्यू केलं की साप जागच्या जागी सापडतो. हा फोन आहे आणि कॉल गेमपेक्षा मोठा, ही शिस्त पुढच्या सगळ्या मोबाइल गेमनी पाळली. लास्ट व्ह्यू मेलेल्या डावाचं शेवटचं चित्र पुन्हा दाखवतो, आपण कशात अडकलो ते शांतपणे बघता येतं. आजच्या गेममध्येही ही सोय असायला हवी.

स्पेस इम्पॅक्टमध्ये डावीकडे आपलं यान, उजवीकडून शत्रू, आणि आठ लेव्हल. वर हृदयं म्हणजे उरलेले जीव, मध्ये खास अस्त्राचं चित्र आणि संख्या, उजवीकडे स्कोअर. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी एक मोठा शत्रू. शत्रूंचे थवे ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून चार-पाच वेळा हरल्यावर क्रम पाठ होतो आणि मग फक्त हात चालतो. एक त्रास मात्र खराच. जुन्या एलसीडीचे ठिपके काळे-पांढरे व्हायला वेळ लागतो. पडदा सरकताना बारीक गोळ्या पुसट होतात, थंडीत तर आणखी. साप थांबत थांबत पावलं टाकतो म्हणून त्याला हा त्रास कमी होतो. यानाला तो पूर्ण भोगावा लागतो.

बान्तुमी हा आफ्रिकेतल्या मंकाला या खळग्यांतल्या बियांच्या खेळाचा अवतार, तमिळनाडूतल्या पल्लांगुळीच्या नात्यातला. प्रत्येकाकडे सहा खळगे आणि एक कोठार. एक खळगा उचलायचा आणि त्यातल्या बिया पुढच्या घरांत एकेक टाकत जायच्या. शेवटची बी आपल्या कोठारात पडली की आणखी एक चाल मिळते, आपल्या रिकाम्या खळग्यात पडली तर समोरच्या बिया आपल्या. घाई नाही, वेग नाही, त्यामुळे कीपॅड आणि एलसीडी यांच्या उणिवा इथे आडव्याच येत नाहीत. कोठारापासून किती घरं दूर ते मोजून तेवढ्याच बियांचा खळगा आधी उचलायचा, एवढा एक नियम पाळला तरी सुरुवातीच्या पातळ्या सहज जिंकता येतात. पेअर्स २ जोड्या जुळवायचा गेम आहे. एवढ्याशा पडद्यावर चित्रं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे स्मरणशक्तीपेक्षा डोळ्यांनाच जास्त ताण पडतो.

पुढे जावा गेम, म्हणजे जावा भाषेत लिहिलेले आणि फोनमध्ये वेगळे टाकता येणारे गेम, आले तेव्हा यातलं बरंच काही तसंच पुढे गेलं. २, ४, ६, ८ दिशांना, ५ गोळीला किंवा निवडीला, कारण ५ मधोमध आहे आणि बहुतेक कीपॅडवर त्याला बोटाला कळणारा उंचवटा असतो. १, ३, ७, ९ तिरक्या चालींना, कारण २ आणि ६ एकत्र दाबण्याचा भरवसा नव्हता. गोळीबार आपोआप चालू ठेवण्याचं कारणही तेच. स्क्रीनखालची दोन बटणं, डावं म्हणजे हो आणि उजवं म्हणजे मागे. पण या दोन बटणांचे अंतर्गत क्रमांक कंपनीगणिक वेगळे. नोकियावर उणे ६ आणि उणे ७, मोटोरोलाच्या अनेक फोनवर उणे २१ आणि उणे २२. त्यामुळे एकाच गेमच्या डझनभर फाइली असायच्या आणि चुकीची टाकली की मेन्यू उघडायचा पण बटण चालायचं नाही. सुरुवातीलाच आवाज हवा का, असं विचारणारा पडदाही याच काळातला. संगीत सुरू होण्याआधी विचारणं ही साधी सभ्यता होती.

नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० मालिकेतल्या साध्या फोनवर गेमची फाइल ६४ केबीच्या आत बसवावी लागे आणि पडदा १२८ बाय १२८ चा. प्रत्येक छोट्या पीएनजी चित्राबरोबर त्याची स्वतःची माहिती आणि रंगांची यादी येते आणि त्यातच जागा जाते. म्हणून सगळी चित्रं एका लांब पट्टीत जोडून लागेल तेवढा तुकडा कापून दाखवत. नोकियाच्या बाउन्स या गेममधला लाल चेंडू, कड्या आणि विटा अशाच तंगीत बसवल्या आहेत आणि अकरा लेव्हल भरून उरल्या आहेत. पुढे जाता जाता उडी मारायची वेळ बाउन्समध्ये सारखी येते. ज्या कीपॅडवर दोन बटणं एकदम चालत नाहीत तिथे त्याची खरी परीक्षा होते.

आज हे खेळायचं कसं? जावा गेमसाठी अँड्रॉइडवरचं जे२एमई लोडर हे ॲप चांगलं आहे, ते जुने गेम आजच्या फोनवर चालवतं. गेम ज्या पडद्यासाठी बनला तोच आकार सेटिंगमध्ये द्यायचा, १२८ बाय १२८, १७६ बाय २०८ किंवा २४० बाय ३२०. मोठा आकार दिला तर गेम कोपऱ्यात आकसून बसतो किंवा अर्धा पडदा कोरा राहतो. गेम बेफाम पळत असेल तर फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा घालावी. जुन्या प्रोसेसरच्या संथपणावर विसंबून लिहिलेले गेम आजच्या फोनवर आवरत नाहीत. शक्य असेल तर ब्लूटूथ कीबोर्डच्या आकडेपट्टीला बटणं जोडावीत, काचेवर अंगठ्याला कडा लागत नाही. पण त्या पट्टीवर ८ वर असतो आणि २ खाली, म्हणून नुसते आकडे न जोडता जागेनुसार जोडावेत. आणि ३३१० चे हे चार गेम जावाचे नाहीत, फोनच्या आतच लिहिलेले आहेत. लोडरमध्ये मिळतात त्या त्यांच्या नकला. २०१७ मध्ये याच नावाने आलेल्या फोनमधला स्नेक गेमलॉफ्ट या कंपनीने नव्याने केलेला, रंगीत. बरा आहे, पण मूळ गेमची ठेवण त्यात नाही.

म्हणजे खरा स्नेक २ हवा तर जुना फोनच घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला शोधायला जाणार असाल तर आपलं मोठ्या आकाराचं सिम किंवा नॅनो सिमसाठी अडॅप्टर सोबत न्या. सिमशिवाय ३३१० मेन्यूच उघडत नाही. बंद पडलेलं सिमही सहसा चालतं. *#०६# दाबून येणारा क्रमांक बॅटरीखालच्या लेबलशी जुळवून बघा. सिक्युरिटी कोड मागितला तर आधी १२३४५ देऊन पाहा. मग थेट स्नेक सुरू करा आणि २, ४, ६, ८ प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा दाबा. एखादं बटण जोर मागत असेल तर रबरी पट्टीखालच्या धातूच्या टिकल्यांवर मळ बसलेला असतो. टॉर्क्स टी६ स्क्रू काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसलं की बहुधा ठीक होतं. टिकलीच दबून सपाट झाली असेल तर पुसून उपयोग नाही, ती बदलावी लागते. स्क्रीन कोराच राहत असेल तर आधी स्क्रीनचे संपर्क साफ करून बघा, लगेच नवा स्क्रीन घेऊ नका. गेमच्या सेटिंगमध्ये शेक्स, म्हणजे फोनचं थरथरणं, बंद ठेवा, जुन्या बॅटरीवर ते फार जड जातं. दिवाही बंद चालेल, भर उन्हात हा स्क्रीन उलट जास्त स्वच्छ दिसतो.