फॉल-पिको उत्तम, ब्लाउज नको

गल्लीतल्या नव्या बुटिकला दोनच तारे. पैठणीचा ब्लाउज शिवायला टाकला, तर एका बाहीवरचे मोर सुलटे, दुसरीवरचे उलटे. सुती अस्तर आधी भिजवून आटवलं नव्हतं, त्यामुळे पहिल्याच पाण्यात पाठीला चुण्या. जाऊबाई म्हणाल्या, "अडाणी कारागीर!" अहो, अडाणी म्हणजे न शिकलेला. माझी आजी अंगठाबहाद्दर, पण तिच्या गोधडीचा टाका बघावा! शिकाऊ असता तर कापण्याआधी विचारलं तरी असतं. हा अनाडी: हात बसलेला नाही, आणि वर ऐकवतो, "ताई, हीच फॅशन आहे." फॉल मात्र हातानं सुरेख लावतात, सुलट बाजूला टाका दिसत नाही. तेवढ्यासाठी खुशाल जा.